संयम संपल्याची बातमी

२७ नोव्हेंबर १९६१

अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी पुन्हा गोळी झाडली. कारवारकडचा एक कोळी मेला. पेपरात ठळक बातमी!

पोलादाच्या कारखान्यात दुभाषी म्हणून मला नेमलं ते रशियन बाईंना कोळशाच्या तपासणीचं बोलणं समजावायला. पण तमारा इवानोव्नांना रोज सकाळी आधी बातम्या ऐकायच्या असतात. आज म्हणाल्या, "एका कोळ्यासाठी लढाई होईल?" मी हसले. म्हटलं, आमचं सरकार जगाला शांतता शिकवतं, लढाई कसली करतं!

देवाजीची पलटण बेळगावला आहे. माझा धाकटा भाऊ. बेळगावहून गोवा किती जवळ, ते मायला सांगितलं नाही.

२ डिसेंबर

प्रयोगशाळेतला केवलराम पेपर मोठ्याने वाचतो आणि वर स्वतःचं जोडतो. "चौदा वर्षं झाली, आपण नुसते बोलून राहिलो! कावून ऐकतीन ते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

७ डिसेंबर

रोज नवी बातमी. गोव्यात पोर्तुगीजांची आणखी फौज उतरली म्हणे. सीमेवरच्या आपल्या गावात घुसून माणसांना मारलं म्हणे. दिल्लीने निषेधाचा खलिता पाठवला. संयुक्त राष्ट्रांना कळवलं. अमेरिका म्हणते, जरा थांबा. दिल्ली म्हणते, संयम संपत आला.

तमाराबाईंना मी हे सगळं नीट लावून सांगते — आधी हे घडलं, मग ते, म्हणून आता असं. सांगता सांगता मलाच पटत जातं. गोवा आपलाच! त्यात खोटं काय? पण पंचावन्न साली तिथे सत्याग्रही गोळ्या खाऊन मेले, तेव्हा आपण थांबलोच ना? मग आत्ताच सगळी कारणं अशी रांगेत येऊन कशी उभी राहिली?

दुर्ग स्टेशनावर लोक सांगत होते, मुंबईकडच्या गाड्या रद्द. डबे फौजेला लागतात.

११ डिसेंबर

आज मी बोलत असताना तमाराबाईंनी उठून दार लावलं. म्हणाल्या, "एकोणचाळीस साली आमच्याकडेही असंच. फिनलंडने आमच्या गावावर तोफा डागल्या, असं पेपरात आलं. चार दिवसांत लढाई. माझा भाऊ अल्योशा तिथेच बर्फात राहिला."

मी विचारलं, "तोफा खरंच डागल्या होत्या?"

त्या म्हणाल्या, "शेवंता, हे तू कुणाला सांगायचं नाही." आणि दार उघडलं.

१८ डिसेंबर

आपली फौज गोव्यात शिरली. मायने चूल पेटवली नाही.

२० डिसेंबर

गोवा मिळाला! संयुक्त राष्ट्रांत आपल्याविरुद्धचा ठराव रशियाने पाडला. केवलरामने रशियन साहेबांना मिठ्या मारल्या, बुंदी वाटली. मला तमाराबाईंचं अभिनंदन त्याच्या वतीने रशियनमध्ये करावं लागलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या भावाचं काही कळलं?" नाही कळलं.

२६ डिसेंबर

देवाजीचं पत्र आलं, सुखरूप आहे! माय रडली, मग जेवली.

१४ जानेवारी १९६२

देवाजी रजेवर आला आहे. शेजारीपाजारी हार घेऊन आले, शौर्याच्या गोष्टी सांग म्हणाले. सगळे गेल्यावर तो अंगणात माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, आमाले सांगतलं होतं, लय फौज हाय, विमानं हायेत. गेलो त पोरं उभी होती हात वर करून. एक जण त रडून राहिला होता."

"मग बरंच झालं की रे."

"बरं काय! त्याच्या आधी तिकडून एकानं गोळी झाडली. विष्णू माह्या बाजूलेच होता. एकच गोळी! पाणी पाजलं मी त्याले. गिळलंच नाही."

विष्णू वर्ध्याकडचा, त्याच्याच पलटणीतला. परत जाताना देवाजीला त्याच्या आईला भेटायचं आहे. म्हणाला, "तू शिकलेली हायेस. सांग मले, तिले काय सांगू? कशासाठी गेला म्हनू?"

तो अख्खा महिना मी रोज कारणं सांगितली. परक्या भाषेत! आज म्हटलं, "पाणी पाजलंस, तेच सांग."

२३ ऑक्टोबर १९६२

पुन्हा तेच, या वेळी चीनशी. गोळी आधी कुणी झाडली, सीमा कुणी ओलांडली. दिल्ली आणि पेकिंग यांनी एकमेकांना पाठवलेल्या खलित्यांची जाड श्वेतपत्रिका आमच्या ऑफिसात आली आहे. त्यांच्या खलित्यांत तेच निर्दोष, आमच्यात आम्ही. दोन्हीकडे सारखीच सभ्य भाषा!

तमाराबाई आता बातम्या विचारत नाहीत. त्यांना मनाई झाली असावी.

रेडिओवर सांगत होते, चीनने पंचशील मोडलं. माय सकाळची पंचशीलाची वंदना संपवून उठत होती. म्हणाली, "पयलं शील त जीव न घेन्याचं. थे कोनी पाळलं?"

देवाजीची पलटण तिकडेच, चीनच्या सीमेवर नेफात आहे. काहीच खबर नाही.

२१ नोव्हेंबर

चीनने एकतर्फी युद्ध थांबवलं! केवलराम म्हणतो, यात डाव आहे. असू दे. माय देवाजीची खाट उन्हात टाकून बसली आहे.

२२ नोव्हेंबर

रायपूरहून फौजेचे एक साहेब घरी आले. दक्षिणेकडचे, इंग्रजीतच बोलले. देवाजी गेल्या महिन्यातच गेला. पहिल्याच हल्ल्यात.

माय माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हनून राहिले व साहेब?"

मी म्हटलं, "लढाई थांबली म्हणतात."