पीठ गरम काहून?

नागपूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय अश्विन,

सप्रेम जय भीम. सरिता बरी असेल. प्रशिकला मोठ्या आत्याचे आशीर्वाद.

बर्डीहून बस धरली असती तर तासाभरात कोराडीला तुझ्या क्वार्टरवर पोचले असते. दोनदा बर्डीपर्यंत गेलेही. पण तुझ्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही, आणि फोन तू उचलत नाहीस. तुझं चूक नाही.

आधी गावची बातमी. आपली पाणचक्की आता खरोखर पाण्यावर फिरते. पावसाळा संपल्यावर शोभाताई सरपंचांनी सगळ्यांना हाताशी धरून तलावाचा पाट बांधून काढला. गेल्या रविवारी चक्की सुरू झाली. बाबांनी सांगितलं होतं तसंच भिंतीवर लिहिलंय : 'जो आधी येईल त्याचं दळण आधी.' आपले आजोबा मालगुजाराच्या या चक्कीच्या दगडांना टाकी लावून धार द्यायचे, पण स्वतःचं दळण मात्र सगळं गाव दळून झाल्यावर. दगडाला आपला हात चालायचा, आपलं दळण चालायचं नाही. त्या एका ओळीसाठी बाबांनी रिटायर झाल्यावर चार वर्षं त्या पडक्या चक्कीत घातली. काल आपल्या वस्तीतल्या सिंधूताई ज्वारीचं पायलीभर दळण घेऊन आल्या आणि 'मी आधी आले' म्हणून रांगेत दोघींशी भांडल्या. बाबा असते तर पोट धरून हसले असते.

हे सगळं तुला गावातून कोणीही कळवलं असतं. मला दुसरंच लिहायचंय, आणि मघापासून मी ते टाळते आहे.

फेब्रुवारीत उद्घाटनाची तारीख ठरली तेव्हा पाट फुटलेला होता आणि बाबांना डॉक्टरांनी फार तर दोन महिने दिले होते. चक्कीखाली मोटर बसव, असं तुला मीच म्हटलं. तू म्हणालास, "ताई, बाबाले फसवून राहिली तू. नको वं." मी रडले, ओरडले, 'तुले बापाची पडलीच नाही' इथपर्यंत बोलले. मग तू बसवलीस. आवाज यावा म्हणून टँकरचं पाणी पाटात सोडलं. बाबांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळे सगळं निभावेल असं मला वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी टाळ्या वाजत होत्या आणि बाबांनी पिठात हात घातला. पाण्यावरचा दगड सावकाश फिरतो, पीठ थंड पडतं, हे त्यांनी आपल्याला लहानपणी शंभरदा सांगितलं होतं. आणि आपण दोघंही तेवढंच विसरलो. ते हळूच म्हणाले, "माया, पीठ गरम काहून?"

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कोनाचं काम हाय हे?"

मी म्हटलं, "अश्विनचं."

तू अंगणात मोटरसायकल पुसत होतास. त्यांच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली, अश्विन. पन्नाशीच्या बाईला बापाची भीती वाटली आणि तिने धाकट्या भावाला पुढे केलं. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले.

पुढचं त्याहून वाईट आहे. रामदासपेठेच्या दवाखान्यात तू तीनदा आलास आणि तिन्ही वेळा मी तुला वऱ्हांड्यात अडवून म्हटलं, 'बाबा तुझं तोंड पाहायचं नाही म्हणतात.' बाबा असं कधीच म्हणाले नव्हते. तुम्ही दोघं भेटलात तर माझं खोटं उघडं पडेल, म्हणून मी ते रचलं.

शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "अश्विनले बोलाव. म्या रागावलो नाही म्हन त्याले." मी सांगितलं, तुला शिफ्ट बदलून मिळत नाहीये. तेव्हा तू खाली बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होतास. मला खिडकीतून दिसत होतास. बाबा संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहिले. मला उठून वीस पायऱ्या उतरता आल्या नाहीत.

बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू मागे उभा राहिलास आणि न जेवता गेलास. बापाने टाकलेला मुलगा, असं तुला वाटत असणार. नऊ महिने मी तुला तसं वाटू दिलं.

माफी मागत नाही. तू दिलीस तरी ती मला पचायची नाही. हे पत्र सरिताला दाखव, गावात वाचून दाखवलंस तरी चालेल. फक्त एवढं धरून ठेव, की बाबा तुझ्यावर रागावले नव्हते. त्यांनी तुला बोलावलं होतं.

बाबांचा निरोप पोचवायला उशीर केलेली,
माया