आईनं शिवलेलं कव्हर

कसबा बावडा, मंगळवार

आबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून मी माझ्या वेबसाइटच्या कामासाठी सर्व्हर केला. पण रोज दुपारी बंद पडायचा. चार दिवस सेटिंग उलटीपालटी केली. उगाच! आज दुपारी चहाला उठले आणि बघते तर आबा त्याच्यावर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर चढवत होते. चालू मशीनवर!

"आबा, अहो, तापून बंद पडतंय ते!"

"उघडं ठिवलं तर धूळ बसतिया की. तुझ्या आईनं कशाला शिवलंय मग?"

माझा आवाज चढलाच. का चढला? आई गेल्यापासून ते कव्हर आबा स्वतः धुतात, हे काय मला माहीत नाही?

संध्याकाळी बघितलं तर कव्हरची मागची शिवण त्यांनी उसवलेली, मशीनच्या पंख्यापुरती. दोरा नीट गुंडाळून ठेवलेला.

"आता न्हाय तापायचं." मग म्हणाले, "ती बी म्हणायची, स्वयंपाकघरात पंखा लावा. मी आपलं उद्या बघू, उद्या बघू."

तिथला पंखा आबांनी आई गेल्यावर बसवला. मी ओट्याशी उभी राहिले की आबा कुठूनही उठून येतात आणि बटण दाबतात. मला वाटायचं, सवय.