मालक कोण, असं डिस्कनं विचारलं

अहो,

तुम्ही गेल्याला चौदा महिने झाले, पण पत्र लिहायची वेळ आली नव्हती. मनातल्या मनात बोलून भागत होतं. आज भागत नाही. आज मला तुमच्याशी भांडायचंय, आणि "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलायची तुमची सोय नाही. तेव्हा पूर्ण ऐका.

पंधरवड्यापूर्वी तुमचा कम्प्युटर जळला. बटण दाबलं, वास आला, संपलं. मी म्हटलं, असू दे. पण त्याच आठवड्यात मोडनिंबहून माझ्या भावाचा, दिलीपचा, फोन. "आक्का, नव्या घराची वास्तुशांत हाय की. आईचा फोटू पाठव. मोठा करून लावायचाय."

माझ्या आईचा उभ्या जन्मात एकच धड फोटो निघाला, हे तुम्हाला ठाऊक. श्रीपूरला, कारखान्याच्या क्वार्टरसमोर, हातात उसाचं कांडं घेऊन हसतानाचा. तुम्ही तो स्कॅन केलात. पुढे गच्चीवरची टाकी गळून अल्बमचा लगदा झाला आणि मी रडत बसले, तर म्हणालात, "रडतेस कशाला, आत आहे की." आत म्हणजे कुठे, हे विचारायची मला अक्कल नव्हती. तुम्हाला सांगायची तरी होती ना?

कम्प्युटर रिक्षात घालून चौकातल्या दुकानात नेला. दुकानदारानं आतली हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर चौकट आली : डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "रिकामी हाय बाई. फॉरमॅट मारू का? पाच मिन्टात नवी हुतीया."

फॉरमॅट म्हणजे काय, मी विचारलं. "म्हंजे साफ," म्हणाला. त्याचं बोट बटणावरच होतं. मी म्हटलं, नाही. हात काढा आधी.

डिस्क पिशवीत घालून घरी येईपर्यंत मी तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. रिकामी म्हणे. मग रोज जेवण निवेपर्यंत त्या खोलीत बसून तुम्ही करत काय होता? साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्या लिनक्सच्या नादी लागला. सगळं जग विंडोज वापरतं, पण आमचं काहीतरी वेगळं. फुकट आहे, मोकळं आहे, कुणाच्या बापाचं नाही, हे ऐकून माझे कान किटले होते. कुणाच्या बापाचं नव्हतं, तर मला का उघडेना?

समोरच्या रिझवानाबाई आठवतात? उर्दू शाळेत कम्प्युटर शिकवतात त्या. तुम्ही दोघं कठड्याला टेकून लिनक्सवर बोलत राहायचात आणि तुमच्यावर सोपवलेली भाजी करपायची. शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या लॅपटॉपवर तुमचंच ते लिनक्स आहे. डिस्क जोडून त्या हसल्या. "खाली किन्ने बोल्या भाभी? पूरी भरेली है."

त्यांनी समजावलं तेव्हा कळलं. अक्कलकोटच्या पुढे पाट्या कन्नडमधे दिसतात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून त्या कोऱ्या आहेत, असं कुणी म्हणतं का? दुकानातलं ते विंडोजवालं मशीन म्हणत होतं. वर पुसून टाकू का, असंही विचारत होतं.

पण तुमचा फोल्डर तिथेही उघडेना. मालकाशिवाय कुणाला परवानगी नाही, असं आलं. रिझवानाबाईंनी सहज विचारलं, "मालक कोण आहे भाभी याचा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मालक वारले."



श्रीपूरला सगळ्या बायका नवऱ्याला मालक म्हणायच्या, म्हणून मीही म्हणायचे. मालक ड्युटीवर गेलेत, मालक झोपलेत. तो बोलण्यातला शब्द होता हो. तुमच्या डिस्कनं तो खरा धरला. माझी आई आत, आणि मी बाहेर परवानगी मागत उभी. रिझवानाबाई म्हणाल्या, तसं ते आपोआप होतं, भाईसाहेबांनी मुद्दाम केलेलं नाही. असेल. मला आलेला राग मी काही परत घेणार नाही.

मालक बदलायला एक ओळ टाइप करावी लागते म्हणे. त्यांनी ती केली. "नया मालक किसकू करूं? नाव सांगा." मी म्हटलं, सुनंदा. मागे तुमचं नाव नाही, आडनाव नाही. असं एकटं ते मी शाळा सुटल्यापासून कुठे सांगितलं नव्हतं.

उघडलं. आई तशीच हसत होती. मी पदर डोळ्याला लावला, आणि तेवढ्यात शेजारची फाइल दिसली. सुनंदासाठी.

वाचली. डिस्क कशी उघडायची, कुणाकडे न्यायची, सगळं क्रमानं लिहिलेलं. अहो, डिस्क उघडायची कशी, हे त्या डिस्कमधेच लिहून ठेवलंत? बी.एस्सी. झालेला माणूस! कपाटाची किल्ली कपाटात टाकून कडी लावण्याचा हा प्रकार. एक साधा कागद मिळाला नाही का तुम्हाला घरात?

आणि खाली शेवटची ओळ. "दुकानात नेऊ नकोस. नेलीसच तर फॉरमॅट करू का विचारतील. तुला कुणाला नाही म्हणता येत नाही, पण तेवढं म्हण."

आई परवा मोडनिंबच्या भिंतीवर लागेल. तुमचं सगळं मी दुसऱ्या डिस्कवर, कुठल्याही कम्प्युटरला वाचता येईल असं करून घेणार आहे, आणि कृती कागदावर लिहून कपाटाच्या दाराला बाहेरून चिकटवणार आहे. त्यातलं एक अक्षरही कुणाला पुसू देणार नाही, हा माझा शब्द.

आणि नाही म्हणता येत नाही, असं पुन्हा कुठे लिहू नका. मी म्हटलं होतं. तुमची ती ओळ वाचायच्या आधी.

तुमची,
आणि आता डिस्कची मालकीण,
सुनंदा