भट्टीच्या विटा

इद्रिया,
१२ ऑक्टोबर १९९८

ती. मिलेनाताईस,
धाकट्या फ्लोरियानचा शि. सा. न. वि. वि.

परवापासून कानात आईच्या लेसची टकटक आहे. लेस विणायच्या उशीवर धाग्यांची लाकडी रिळं एकमेकांवर आपटायची आणि मी शेगडीलगतच्या बाकावर बसून त्या ठेक्यावर शाळेतली कविता पाठ करायचो. कविता अजून येते. आई मात्र पाठमोरीच दिसते.

पत्रास कारण की, आपली पाऱ्याची खाण आता खरोखर संपली. वरचे मजले सिमेंटने बुजवले, खालच्यांत पाणी चढतंय. काळ्या पाटीच्या दगडातून पाऱ्याचे थेंब घामासारखे फुटायचे. पाचशे वर्षं माणसांनी ते टिपले. आता अंधारात एकटेच फुटत असतील. तू हसशील, पण हे सुचलं तेव्हा मला रडू आलं.

खाण बुजवून भागलं नाही, आता घरं तपासतायत. एक बाई पारा मोजायचं यंत्र घेऊन आली. अंगणात काटा गप्प, स्वयंपाकघरात गप्प. बाबांच्या शेगडीपाशी टोकाला गेला. म्हणाली, आजोबा, ही पाडावी लागेल. मी म्हटलं, खाणीची जुनी भट्टी मोडली तेव्हा बाबांनी या विटा पाठीवर वाहून वर चढवल्या. तेव्हा सगळेच कामगार नेत. फुकटची, आगीत पक्की झालेली. याहून चांगली वीट कुठली? थंडीतला पहिला जाळ केला की त्यांतून रुपेरी मणी गळायचे आणि आपण ते कोंबडीच्या पिसाने बशीत गोळा करायचो. बाबा म्हणायचे, खाणीला आपली आठवण झाली. बाईला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

तू थोरली आहेस. शेगडी पाडू नये असं दोन ओळी लिहून दे. माझ्या लेकाला, बोयानला, यातलं काही कळवू नकोस.

तुझ्या मायेचा भुकेला,
फ्लोरियान

ल्युब्लियाना,
२० ऑक्टोबर १९९८

चि. फ्लोरियान यास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याने, एकदा भिंगाने. कवीमहाराज, अक्षर इतकं का हलतंय? वयाचं कारण सांगू नकोस. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे आणि अजून सुईत दोरा ओवते.

शेगडी ठेवा असं मी लिहिणार नाही. बोयान दगडांचं शास्त्र शिकून आला तेव्हा त्याने समजावलं होतं. खनिज भाजलं की पारा वाफ होतो, विटांत शिरतो, त्या पुन्हा तापल्या की बाहेर पडतो. त्याने आपल्या तान्ह्या लेकीचा, नेझाचा, पाळणा शेगडीजवळून हलवला, तर तू म्हणालास, आजोबांच्या हातच्या कामाला विष म्हणणारा माझा कोणी नाही. तो घर सोडून गेला, त्याला सोळा वर्षं झाली.

आता आईला दिलेला शब्द मोडते. पंचेचाळिशीतच तिचे हात कापायला लागले होते. रिळं आपटत, लेस वाढत नसे. तू ऐकलीस ती टकटक तीच, बाळा. तू शाळेत गेलास की मी बसून तिची लेस पुरी करायचे, आणि आई ती आपली म्हणून विकायची. ऊब लागते म्हणून ती रोज शेगडीला पाठ टेकून बसे.

बाबांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी स्वतःच पाडली असती. त्यांना कोणी सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं.

जेवण वेळेवर घे. रागावलास तरी लिही.

तुझी,
मिलेनाताई

इद्रिया,
२४ नोव्हेंबर १९९८

ती. मिलेनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे तुझ्यावर रागावलो होतो. मग आईचं विणकाम काढून बघितलं. अर्ध्यातून धागा घट्ट, नेटका होत जातो. तुझा हात. एवढी वर्षं कपाटात होतं आणि मी नुसता घडी घालून ठेवत होतो.

त्या बाईला बोलावलं. कॉफी दिली, बटाट्याचं सारण भरलेल्या झ्लिक्रोफी खाऊ घातल्या. शेगडी पाडायला तोंडं बांधलेली माणसं आली. मला आत थांबू देईनात, म्हणून अंगणात उभा राहिलो. तळच्या थरातल्या गाऱ्यावर बोटांचे ठसे निघाले. बाबांचेच. तेवढा तुकडा मागून घ्यावा असं फार वाटलं. मागितला नाही.

त्याच दिवशी बोयानला लिहिलं, की तू खरं बोलला होतास. मी मेलेल्या माणसाची बाजू घेतली, तू बाळाची. दहा दिवस झाले, उत्तर नाही. यायचं नाहीच म्हणा. त्याच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. खोली मोठी झाल्यासारखी वाटते, गार आहे, कोट घालून लिहितोय. कोणीतरी दार वाज

ती. मिलेनाआजीस,
नेझाचा सा. न.

आपण भेटलेलो नाही. दार मी वाजवलं. आजोबांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "बाबा खाली गाडीत बसलेत. वर येऊ का, विचारताहेत."

ते जिन्याचा कठडा धरून निघाले. तीन पायऱ्या उतरून थांबले आणि मला म्हणाले, "ताईला लिही, मीच खाली जातोय."