वाढत्या अंगाचं स्टेशन

२२ जून १९८१
हे रेल्वेत नक्षे काढतात, पण घरातलं माप काही कळत नाही! उषाचा शाळेचा फ्रॉक अंगाबरोबर शिवायला सांगून आले. शेवटी मीच गेले धनीराम टेलरकडे. म्हटलं, वाढत्या अंगाचा शिव, खाली चांगली चार बोटं दुमड ठेव. तो हसला — "बाई, पोरगी लग्नात हाच घालन का?" हसू दे. दुमड उसवली की पुढचं साल निघतं.

३ जुलै
आमच्या नव्या स्टेशनाचा ह्यांचा नक्षा परत आला. लांब फलाट, पुढे आणखी दोन रूळ आले तरी पुरेल असा पूल, बायांसाठी ऐसपैस खोली. साहेब म्हणाले म्हणे — "इथे उतरतं कोण? आहेत तेवढ्यांपुरतं काढा." तुमसरच्या बाजारादिवशी उषाला गाडीच्या खिडकीतून आत लोटावं लागतं, अन् म्हणे उतरतं कोण!
हे जेवले नाहीत.

४ जुलै
सकाळी पाहते तर उषाचा फ्रॉक ह्यांच्या मांडीवर. दुमड चाचपून राहिले होते. "एवढं कापड आत काहून?" म्हटलं, पोरगी वाढणार नाही का? एकदम उठले. चहा तसाच!

११ जुलै
हे नागपूरला जाऊन आले. साहेबांना म्हणाले — "पोरीचा फ्रॉक आपण वाढत्या अंगाचा शिवतो, मग स्टेशनच काहून अंगाबरोबर?" "आज लहान बांधा, पण वाढायची जागा आताच राखा." साहेब हसले नाहीत. नक्षा ठेवून घेतला.
तुळशीपाशी निरांजन लावलं. एवढं होऊ दे, माये.

१७ सप्टेंबर
अजून काही नाही. निरांजन चालू आहे.

२९ ऑक्टोबर
मंजूर! सगळ्या दुमडीसकट!
देवापुढे गूळ नाही, साखर ठेवली. हे मात्र अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "यंदा तुळशीचं लग्न थाटात कर." ह्यांना कधीपासून तुळशीचं लग्न आठवायला लागलं?

८ नोव्हेंबर
लग्न लागलं. ऊस, चिंचा, आवळे, सगळं आणलं ह्यांनी. 

१० नोव्हेंबर
सकाळी माणसं चुना घेऊन आली. पुढच्या वाढीसाठी राखलेल्या जागेची रेघ आमच्या क्वार्टरच्या अंगणातून गेली — तुळशीवृंदावनाच्या बरोबर मधून! रेघ ह्यांच्याच नक्ष्यातली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खाली.
शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "लग्न झालं न बाई, आता पोरीले सासरी धाडाच लागते."
संध्याकाळी हे तुळशीसाठी कुंडी घेऊन आले. रोपाच्या मानाने मोठी दिसते. दिसू दे.