रात्रभर ठेवलेलं रबर

बाबा, आज प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलगी साच्यातून काढलेला रबराचा तुकडा गरम असतानाच कडकपणा मोजायच्या मीटरखाली ठेवत होती. मी तिला थांबवलं. उद्या मोज, म्हणाले. का, असं तिने विचारलं. नियम आहे, एवढंच सांगितलं. दमले होते, आणि खरं कारण सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी माझ्या रबरी बोटाचा साचा घेऊन मी तुमच्या बोईसरच्या कारखान्यात आले होते. बोटाच्या आत एक बारीक तार. वीज सोडली की ती तापून आखडते, बोट वाकतं. थंड झाली की रबर तिला ताणून पुन्हा सरळ करतं. मोटार नाही, दातेरी चाकं नाहीत. सगळं ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, की जोर कुणाचा जास्त, तारेचा की रबराचा. प्रेसवरचा माणूस हसत होता, "चाचा की बेटी आज उंगली बनवा रही है, कल पूरा आदमी बनवाएगी." तुम्ही साचा उघडता. मी मीटर लावते. हवा तोच आकडा. तुम्ही अंगठ्याचं नख रुतवून बघता.

"आज मोजू नको, बाय. रबर रातभर निजू दे. उद्या घट्ट व्हईल, मग तुझी तार दमेल."

मीटरला अंगठ्यापेक्षा जास्त कळतं, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही फडक्याला हात पुसलेत आणि बोट कागदात गुंडाळून दिलंत.

दोन दिवसांनी परीक्षकांपुढे ते अर्धंच वाकलं. मी वीज वाढवली. तार जादा तापली, आणि मग बोट हललंच नाही. उमरोळीला घरी आले तेव्हा तुम्ही मोरीवर पाय धूत होतात. वाकलं का, विचारलंत. तार खराब निघाली, मी म्हणाले.

"मंग आपल्या रबराचा दोष नाय ना?"

नाही, म्हणाले. तेवढं खरं होतं.

उद्या त्या मुलीला आकडा चढलेला दिसेल आणि ती पुन्हा विचारेल. मी तिला पुस्तक काढून देईन. साच्यातून काढलेलं रबर रात्रभर ठेवून मोजावं, असं त्यात छापलेलं आहे. हे पत्र त्याच पानात घडी करून ठेवते आहे, दुसरीकडे पाठवायला जागा नाही. ते पान मी परीक्षेनंतर त्याच आठवड्यात वाचलं होतं. त्यानंतर तुम्ही दीड वर्ष होतात.