दुसऱ्यांदा एमआरआय

१४ नोव्हेंबर
नदीकडच्या शिवारात मोजणी. दोघे भाऊ, मधे बांध, आणि दोघांच्याही मते बांध दुसऱ्याने सरकवलेला. अर्ध्यात डावा पाय बधिर झाला. खाली बसले. ऑफिसचे शिपाई गणपतकाका यांनी जीपीएस मोजणीच्या रोव्हरची काठी हातातून घेतली. "म्याडम, तुमी निवांत बसा. त्यांचं भांडण संपस्तोवर कंबर बरी होती."

मागच्या महिन्यात बांधावरून घसरले होते, तेव्हापासूनचं हे. घरी सांगितलेलं नाही.

अमोलला (इथं फक्त अ.) फोनवर सांगणार नव्हते. आवाजावरून ओळखलं. साखरपुडा झाला तरी तो अजून 'तू' आणि 'तुम्ही' यांत अडकतो. "कंबर का? तुम्ही दाखवलं का नाही? वेडी हायस का?" एका दमात दोन्ही. मला ते आवडतं. त्याला सांगितलेलं नाही.

१७ नोव्हेंबर
परभणी. हाडांचे डॉक्टर. झोपवून पाय सरळ वर उचलला, अर्ध्यावर ओरडले. नस दबली असावी, एमआरआय करून घ्या.

सरकारी दवाखान्यात नंबर पुढच्या महिन्यात. आरोग्य कार्ड आणि ऑफिसचा परतावा, दोन्ही ॲडमिट असलं तरच. खाजगीत साडेसहा हजार. पैसे आहेत माझ्याकडे.

आईची अडचण पैशाची नाही.
"लग्न जमलेल्या पोरीनं मणक्याचा एमआरआय काढायचा? अन तो बी परभणीत? तिथं त्यांच्याकडचं कोण बसलेलं असंल, काय नेम?"
"आई, पाय बधिर होतोय."
"माघ काय लांब नाही. लग्न होऊ दे, मग काढ."

अ.ला हे जसंच्या तसं सांगितलं. म्हणाला, "नसेला काय तिथी कळती? मी रजा टाकायलोय."

२० नोव्हेंबर
झाला.

बांगड्या, कानातले, केसातल्या पिना, ओढणीची सेफ्टी पिन, साखरपुड्याची अंगठी. सगळं काढायला लावलं. अ.ने रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून हात ठेवून बसला. काउंटरवर मी फोन काढेपर्यंत त्याने पैसे भरून टाकले. "माझे मी भरणार होते." "मग भरा की. मी कुठं धरलंय?" काउंटरवरची मुलगी हसली.

आत हलायचं नाही. कानात कापूस, डोक्याशी ठोकल्यासारखा आवाज. मला भीती वाटली नाही. तो बाहेर आहे हे माहीत होतं. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

बाहेर आल्यावर म्हणाला, "झाली का मोजणी? हद्द कायम?" हसल्यावर कमरेत कळ गेली. त्याने रुमाल सोडला आणि अंगठी स्वतःच माझ्या बोटात घातली, सगळ्यांसमोर. शेजारी नंबर लावून बसलेली म्हातारी म्हणाली, "लगीन इथंच लावायलाव का, बाबा? मंग अक्षता तरी वाटा."

स्टँडवर चहा. पाय दुखत होता. चांगला दिवस.

२२ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती मागे सरकलेली, डाव्या नसेवर हलका दाब. डॉक्टर: ऑपरेशन नाही. काही महिने वजन उचलायचं नाही, दुचाकी कमी, व्यायाम रोज. आई मधेच, "अन लग्न?" "करा की." "अन पुढं... लेकरूबाळ?" "होईल. सगळं होईल, मावशी."

रिपोर्ट जसाच्या तसा अ.ला पाठवला. त्याने मागितला नव्हता. आईने विचारलं, कामून पाठवलास? उत्तर सोपं वाटलं म्हणून दिलं नाही.

अ.: "ठीक आहे. काळजी घ्या."

२५ नोव्हेंबर
अ.ने रिपोर्ट त्याच्या मामांना दाखवला. ताडकळसला त्यांचं मेडिकल आहे. इंग्रजी कळतं म्हणून त्यांनाच दाखवला म्हणे. मामांचं निदान एका शब्दात: गॅप.

दुपारी अ.च्या आईचा फोन. आईने स्पीकरवर टाकला. नको होता टाकायला.
"मणक्यात गॅप हाय म्हणायलेत. गॅपवाल्या बाईला घागर उचलत न्हाई म्हणं. लेकराचं कसं व्हायचं?"
आई म्हणाली, डॉक्टरांनी होईल म्हणून सांगितलंय.
"डॉक्टर तुमचा. आमी काय न्हाई म्हणत न्हाईत, ताई. पर एकुलता एक लेक हाय. एकदा नांदेडला आमच्या वळखीच्या ठिकाणी काढून बघू. आमीच पैसे भरू. पहिल्याचे बी आमच्याच पोरानं भरलेत की."

फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघत नव्हती.

गॅप हा शब्दच उलटा आहे. चकती दबते तेव्हा दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. हे कुणाला सांगणार आणि का.

२७ नोव्हेंबर
साडेसहा हजार अ.ला पाठवले. सोबत काही लिहिलं नाही. वाटलं होतं, परत पाठवेल. भांडेल तरी.

अंगठा आला. पिवळा.

२९ नोव्हेंबर
पूर्णा स्टेशनबाहेर अ.ला भेटले. ड्यूटी संपवून आला होता. चहा सांगितला, पण बसला नाही.

"मला काही फरक पडत नाही. आईच्या समाधानासाठी म्हणतोय."
"महिन्यात मणका बदलत नाही, अमोल."
"माहीत आहे."
"मग त्यातही हेच आलं तर?"
गाडीची घोषणा चालू होती. तो ती शेवटपर्यंत ऐकत राहिला.
मग म्हणाला, "तुम्ही मला रिपोर्ट पाठवलाच कशाला? मी मागितला होता का? मला माहीत नसतं तर मी..."
वाक्य तिथंच.

पूर्ण वेळ 'तुम्ही'. एकदाही चुकला नाही.

जाताना म्हणाला, "स्कूटीवर हळू जा." माझी स्कूटी दोन गतिरोधकांपुढे गेली आणि मग कडेला थांबवावी लागली. रस्ता दिसत नव्हता.

१ डिसेंबर
आईने आज पोळ्या मला करू दिल्या नाहीत. परातीजवळून उठवलं. लाटता लाटता म्हणाली, "जाऊन ये ना नांदेडला एकदा. पोरगं वाईट नाही."
"वाईट आहे असं मी कुठं म्हणते?"
"मग?"
मग काय, ते मलाही नीट मांडता येत नाही. तो वाईट असता तर आज जेवले असते.

२ डिसेंबर
अ.चा मेसेज. नांदेडचं परवा ठरलंय. त्याची आई आणि मामा सोबत येतील. त्याला ड्यूटी आहे. रिपोर्ट थेट मामांकडे जाईल, तसं सांगून ठेवलंय.

'हो' टाइप केलं. पुसलं. 'नाही' टाइप केलं. तेही पुसलं. त्याला 'टाइप करत आहे' दिसत असेल. दिसलं तरी त्याने काही विचारलं नाही.

ऑफिसात मोजणीच्या नोटिसा काढल्या. लगतच्या सगळ्या खातेदारांना जातात. शेताला जात नाहीत.

चारच्या सुमारास अनोळखी नंबर. नांदेडच्या सेंटरमधली मुलगी. नंबर मामांनी माझाच दिला होता, नाव नुसतं 'पेशंट'.
"परवा सकाळची वेळ आहे, ताई. कन्फर्म करू का?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"हॅलो? आवाज येतोय का? पेशंट तुमच्या कोण लागतात?"
"ओळखीची आहे."
"येणार आहेत ना त्या?"
"तिला विचारून सांगते."

ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल.

संध्याकाळ झाली. तिला अजून कुणी विचारलेलं नाही, मीही नाही.